दुआ आधी की धावपळ आधी? संकटकाळाबद्दल यहुदी धर्म काय सांगतो

घरात कुणी गंभीर आजारी पडलं की दोन आवाज हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, दुआ करा, सगळं अल्लाहच्या हातात आहे. दुसरा म्हणतो, दुआ होत राहील, आधी गाडी काढा आणि दवाखाना गाठा. दोघांचीही माया खरी असते. पण कधी पहिला आवाज इतका मोठा होतो की उपचाराची वेळ निघून जाते. कधी दुसरा इतका मोठा होतो की महिनोन्‌महिने रिपोर्ट आणि बिलं यांच्यातच जातात आणि हात वर करून रब्बाकडे काही मागायचं राहूनच जातं. नोकरी गेली, धंदा बसला, कर्ज डोक्यावर आलं, तरी हाच पेच समोर असतो.

हा पेच फक्त आपल्याच घरातला नाही. यहुदी धर्मात या प्रश्नावर दोन हजारांहून अधिक वर्षं चर्चा चालू आहे. कुरआनात ज्यांना अहले किताब म्हटलं आहे, त्यांच्यातला हा जुना समाज. हजरत इब्राहीम, याकूब, मूसा, दाऊद, यूनुस (अलैहिमुस्सलाम) हे त्यांचेही पूर्वज आणि पैगंबर. आज ‘यहुदी’ म्हटलं की आपल्याला आधी इस्रायल सरकार आणि फिलस्तीनवरचा जुलूम आठवतो, आणि ते स्वाभाविक आहे. पण एखाद्या सरकारचं राजकारण वेगळं आणि एका धर्माच्या विद्वानांनी शतकानुशतकं केलेला विचार वेगळा. इथे आपण फक्त त्या विचाराबद्दल बोलणार आहोत.

दोन शब्द : बिताहोन आणि हिश्तादलुत

यहुदी विद्वान या विषयावर बोलताना दोन हिब्रू शब्द वापरतात. ‘बिताहोन’ म्हणजे खुदावरचा भरवसा. ‘हिश्तादलुत’ म्हणजे माणसाने स्वतः करायची खटपट, प्रयत्न. आपल्याकडच्या तवक्कुल आणि अस्बाब या जोडीसारखीच ही जोडी आहे.

हे साम्य वरवरचं नाही. अकराव्या शतकात मुस्लिम राजवटीतल्या स्पेनमध्ये, सरगोसा शहरात, बहया इब्न पकूदा नावाचे यहुदी न्यायाधीश होऊन गेले. ‘अंतःकरणाची कर्तव्यं’ हा त्यांचा ग्रंथ यहुदी घरांत आजही वाचला जातो. तो त्यांनी मुळात अरबीत लिहिला आणि भरवशावरच्या प्रकरणात शब्द वापरला तो ‘तवक्कुल’. सूफी बुजुर्गांच्या विचारांची छाप या ग्रंथावर आहे, हे अभ्यासक मान्य करतात. पुढच्या शतकात त्याचं हिब्रू भाषांतर झालं आणि ‘तवक्कुल’च्या जागी ‘बिताहोन’ आला.

बहया यांचं म्हणणं थोडक्यात असं. रोजी, आयुष्य आणि तब्येत खुदाच्या हातात आहे, हे मनापासून माना. पण त्याचा अर्थ जाणूनबुजून धोक्यात उडी घ्यायची किंवा हातपाय गाळून बसायचं असा नाही. काम हे माणसाला दिलेलं कर्तव्य आहे, म्हणून ते करायचं. मात्र आपल्याला पोसतं ते कामच, असं मनात धरायचं नाही. म्हणजे हात कामात असतील आणि मन मालकाकडे असेल.

समुद्रकाठी लांबलेली दुआ

या विषयावर यहुदी विद्वान सर्वात आधी ज्या प्रसंगाकडे वळतात तो आपल्यालाही लहानपणापासून माहीत आहे. पुढे समुद्र, मागे फिरऔनची फौज आणि मध्ये अडकलेली बनी इस्राईल.

तौरातमध्ये या ठिकाणी एक चकित करणारी गोष्ट आहे. मूसा (अ.स.) खुदाकडे आर्जव करतात, तेव्हा त्यांना उलट विचारणा होते की माझ्याकडे आक्रोश का करतोस, लोकांना पुढे चालायला सांग. तौरातचे सर्वात प्रसिद्ध भाष्यकार राशी अकराव्या शतकात फ्रान्समध्ये होऊन गेले. त्यांनी याचा अर्थ असा लावला की लोक संकटात सापडलेले असताना दुआ लांबवत बसायची ही वेळ नव्हती.

यहुदी परंपरेचा मोठा ग्रंथ म्हणजे तालमूद. त्यात या प्रसंगाची पुढची कथा आहे. समुद्रापाशी पोचल्यावर प्रत्येक कबिला दुसऱ्याला म्हणू लागला की आधी तुम्ही उतरा. हा वाद चालू असतानाच नहशोन नावाच्या एका सरदाराने पाण्यात उडी घेतली. पाणी गळ्याशी येऊ लागलं आणि तो देवाचा धावा करू लागला. तिकडे मूसा (अ.स.) दुआ करत होते. तेव्हा खुदाने त्यांना सांगितलं की माझी लाडकी माणसं बुडताहेत आणि तू दुआ लांबवतो आहेस. मग काय करू, असं त्यांनी विचारल्यावर उत्तर मिळालं की लोकांना चालायला लाव आणि तू तुझी काठी उचल.

या कथेत दुआला कमी लेखलेलं नाही. पाण्यात उतरलेला नहशोनसुद्धा धावा करतच होता. फरक इतकाच की तो काठावर उभा राहून नाही, पाण्यात उतरून मागत होता. समुद्र फाटला तो खुदाच्या हुकमानेच. पण पाऊल टाकणं आणि काठी उचलणं हे काम माणसांवर सोपवलेलं होतं. कुरआनातही या प्रसंगी मूसा (अ.स.) यांचा रब्बावरचा अढळ विश्वास आणि समुद्रावर काठी मारण्याचा हुकूम या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी येतात.

हजरत याकूब यांची तीन तयारी

दुसरा दाखला याकूब (अ.स.) यांचा. तौरातनुसार अनेक वर्षांनी ते आपल्या मुलखाकडे परतत होते. त्यांच्यावर नाराज असलेला भाऊ एसाव चारशे माणसं घेऊन समोरून येत असल्याची खबर आली. बरोबर बायकामुलं आणि गुरंढोरं. याकूब (अ.स.) घाबरले, हेही तौरात लपवत नाही.

त्यांनी तीन गोष्टी केल्या. एक, काफिल्याचे दोन भाग केले, म्हणजे एकावर हल्ला झाला तर दुसरा निसटू शकेल. दोन, खुदाकडे दुआ केली, आणि तीही अतिशय नम्रपणे, की तुझ्या उपकारांना मी लायक नाही. तीन, भावाचा राग शांत व्हावा म्हणून शेळ्या, मेंढ्या, उंट, गाई आणि गाढवं असे पाचशेहून जास्त प्राणी नजराणा म्हणून पुढे पाठवले. तेही एकदम नाही. कळपाकळपांत अंतर ठेवून, म्हणजे एसावला एकामागून एक भेटी मिळत जातील.

यहुदी विद्वान यातून नियमच काढतात. संकटात समेटाचा प्रयत्न, दुआ आणि बचावाची तयारी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी करायच्या. शेवटी दोघे भाऊ गळ्यात गळा घालून रडले. यात दुआने किती काम केलं आणि नजराण्याने किती, याचा हिशेब तौरात मांडत नाही.

भुयार खोदणारा राजा

तिसरं उदाहरण जेरुसलेमचा राजा हिज्कीया याचं. इसवी सनापूर्वी ७०१ मध्ये अश्शूरचा बलाढ्य बादशहा सन्हेरीब त्या प्रदेशावर चालून आला. बायबलमधल्या वर्णनानुसार हिज्कीयाने शहराबाहेरचे झरे बुजवले, पडलेली तटबंदी बांधून काढली, हत्यारं तयार करवली आणि पाणी शहरात आणण्याची सोय केली. जेरुसलेममधल्या सिलवान भागात खडकात खोदलेलं सुमारे ५३३ मीटर लांबीचं भुयार आजही आहे. बहुतेक अभ्यासक ते हिज्कीयाच्या काळातलं मानतात. मजुरांनी ते दोन टोकांकडून खोदत आणलं आणि मधोमध गाठ पडली. हे सांगणारा शिलालेख १८८० मध्ये, उस्मानी राजवटीत सापडला. तो आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे.

म्हणजे प्रयत्नांत कसर नव्हती. पण धमकीचं पत्र आलं तेव्हा हाच राजा ते घेऊन थेट इबादतगाहमध्ये गेला आणि खुदासमोर पसरून गयावया करू लागला. शहर वाचलं.

त्याच काळातल्या यशया नबींच्या ग्रंथात मात्र जेरुसलेमच्या लोकांची कानउघाडणीही आहे. तुम्ही घरं मोजली, ती पाडून तटबंदी भक्कम केली, पाण्याचा साठा केला, पण हे सगळं ज्याच्या मर्जीने होतं त्याच्याकडे पाहिलं नाही, असा तिचा आशय. भुयार खोदलं म्हणून ही कानउघाडणी नाही. सगळा भरवसा भुयारावरच टाकला म्हणून आहे.

पुढे हिज्कीया मरणाच्या दारात पोचला. नबींनीच येऊन सांगितलं की आता निरवानिरव कर. त्याने भिंतीकडे तोंड करून रडत दुआ केली आणि त्याला आणखी पंधरा वर्षांचं आयुष्य मिळालं. तालमूद म्हणतं की तलवारीची धार मानेवर टेकली असली तरी खुदाच्या रहमतीची आशा सोडू नये, ही शिकवण हिज्कीयाने दिली. पण ही गोष्ट इथेच संपत नाही. दुआ कबूल झाल्यावर नबींनी अंजिराचा लेप करून त्याच्या गळवावर लावायला सांगितला. आयुष्याची खात्री मिळाली, तरी औषध सोडलं नाही.

डॉक्टरकडे जाणं म्हणजे ईमान कमजोर?

हा प्रश्न यहुदी विद्वानांनाही पडला होता. आजार खुदाने दिला, मग त्यात माणसाने ढवळाढवळ करावी का? तौरातमध्ये एक नियम आहे की मारामारीत कुणाला जखमी केलं तर त्याच्या उपचाराचा खर्च द्यावा. तालमूदच्या विद्वानांनी यावरून सांगितलं की वैद्याला उपचार करण्याची परवानगी खुदानेच दिली आहे. सोळाव्या शतकात रब्बी योसेफ कारो यांनी यहुदी कायद्याचा ‘शुल्हान आरुख’ हा ग्रंथ लिहिला. त्यात तर पुढचं पाऊल आहे. उपचार करणं हे फर्ज आहे, आणि जाणकार असून जो हात आखडता घेतो तो जणू खून करतो.

सगळ्यांचं यावर एकमत होतं असं नाही. तेराव्या शतकातले स्पेनचे नहमानिदेस यांनी तौरातच्या भाष्यात लिहिलं की नबींच्या काळातले खरे नेक लोक आजारपणात वैद्याकडे नाही, नबींकडे जात. गंमत अशी की ते स्वतः वैद्य होते, आणि कायद्याबद्दल लिहिताना त्यांनीही उपचार हे पुण्याचंच काम ठरवलं. म्हणजे तो उच्च दर्जा मनात आदर्श म्हणून ठेवायचा, पण सामान्य माणसाने औषध नाकारायचं नाही.

यावर सर्वात ठाम बोलले ते मूसा बिन मैमून. जग त्यांना मायमोनिदेस म्हणून ओळखतं. ११३८ च्या सुमारास कुर्तुबा इथे त्यांचा जन्म झाला आणि १२०४ मध्ये मिसरमध्ये मृत्यू. सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी यांचे वजीर अल-काजी अल-फाजिल यांचे ते हकीम होते. हिज्कीया राजाने औषधांचं एक पुस्तक दडवून ठेवलं होतं, अशी एक जुनी कथा आहे. काही जण तिचं कारण असं देत की लोक औषधांवरच विसंबून दुआ विसरू लागले होते. मायमोनिदेस यांना हे कारण अजिबात पटलं नाही. त्यांनी आपल्या अरबी भाष्यात विचारलं की भुकेला माणूस भाकरी खातो तेव्हा त्याचा खुदावरचा भरवसा उडाला असं आपण म्हणतो का? भूक हाही एक त्रासच आणि भाकरी हे त्याचं औषध. जेवल्यावर जसे आपण खुदाचे आभार मानतो, तसेच गुण देणारं औषध त्याने निर्माण केलं म्हणूनही मानावेत.

ते ज्या दुसऱ्या गोष्टीवर कठोर होते ती आपल्याकडेही विचार करण्यासारखी आहे. जखमेवर तौरातची आयत पुटपुटणं, किंवा मूल झोपावं म्हणून त्याच्या अंगावर पवित्र ग्रंथ ठेवणं, याला त्यांनी सक्त विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की खुदाचा कलाम रूहसाठी शिफा आहे, त्याला शरीराच्या जखमेचं मलम करू नका. लोकव्यवहारात यहुदी समाजातही ताईत चालतच राहिले आणि इतर विद्वानांनी त्यांना काही प्रमाणात मुभाही दिली. पण उपचार टाळून ताईत बांधणं याला धर्माचा आधार नाही.

जीव वाचवण्याबाबत तर यहुदी कायदा स्पष्ट आहे. शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, आग पेटवण्यापासून अनेक कामं मना आहेत. पण कुणाचा जीव धोक्यात असेल तर हे निर्बंध बाजूला होतात. अशा वेळी मौलवीसाहेबांना, म्हणजे त्यांच्या रब्बींना, विचारायला जाण्यात वेळ घालवणं यालाही ग्रंथांनी दोष दिला आहे. जो लगेच धावतो त्याची तारीफ केली आहे. योम किप्पूर हा त्यांचा सर्वात मोठा रोजा. त्या दिवशीसुद्धा जाणकारांनी सांगितलं तर आजारी माणसाला खायला घालावं लागतं.

रोजीरोटीचा वाद

कमाईच्या बाबतीत दुसऱ्या शतकातला एक वाद प्रसिद्ध आहे. रब्बी इश्माएल म्हणत, धर्माचा अभ्यासही करा आणि पेरणीच्या वेळी पेरणी, कापणीच्या वेळी कापणीही करा. रब्बी शिमोन बार योहाई यांना ते पटेना. माणूस नांगरणीच्या वेळी नांगरत आणि मळणीच्या वेळी मळत बसला, तर खुदाच्या कलामाचं काय होणार? आपण त्याची मर्जी राखली तर आपली कामं दुसऱ्यांकरवी होतील, असं त्यांचं मत.

दोनशे वर्षांनंतर इराकमधले अबाये नावाचे विद्वान या वादावर निकाल देताना अनुभवाची साक्ष काढतात. इश्माएल यांच्यासारखं वागणारे पुष्कळ झाले आणि त्यांचं निभावलं. शिमोन यांच्यासारखं वागायला गेलेले पुष्कळ झाले आणि त्यांना ते जमलं नाही. त्याच काळातले दुसरे विद्वान रावा आपल्या शागिर्दांना वसंत आणि शरद ऋतूतल्या शेतीच्या दोन महिन्यांत मदरशात येऊच देत नसत. वर्षभराच्या अन्नाची सोय करून या, म्हणजे वर्षभर चिंता न करता शिकता येईल, असा त्यामागचा विचार. बापाने मुलाला एखादा हुन्नर शिकवलाच पाहिजे, असंही तालमूद सांगतं. जो शिकवत नाही तो जणू लुटारूपणाच शिकवतो, असे त्यावर रब्बी यहुदा यांचे कडक बोल आहेत.

पण सर्वात नेमकं उत्तर मिळतं ते मिसरच्या इस्कंदरिया शहरातल्या लोकांना. त्यांनी रब्बी यहोशुआ यांना विचारलं, शहाणं होण्यासाठी काय करावं? ते म्हणाले, अभ्यासाला जास्त बसा आणि व्यापार कमी करा. लोक म्हणाले, असं करून पाहिलेले पुष्कळ आहेत, त्यांना काही साधलं नाही. मग रब्बी म्हणाले, तर ज्याच्या मालकीची अक्कल आहे त्याच्याकडे मागा. पुढचा प्रश्न आला, श्रीमंत होण्यासाठी काय करावं? व्यापार वाढवा आणि इमानदारीने करा. तेही करून झालंय. मग ज्याची दौलत आहे त्याच्याकडे मागा. तालमूद विचारतं, मागूनच मिळणार होतं तर आधी अभ्यास आणि व्यापार कशाला सांगितला? उत्तर असं की एकाशिवाय दुसरं पुरं पडत नाही.

कोणती दुआ व्यर्थ?

इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात दुआलाही एक मर्यादा घातलेली आहे. जे घडून गेलं आहे ते बदलावं म्हणून केलेली दुआ व्यर्थ आहे. उदाहरणं रोजच्या जगण्यातली आहेत. प्रवासाहून येणाऱ्या माणसाला गावातून आक्रोश ऐकू आला आणि तो म्हणाला, हे माझं घर नसो, तर ती दुआ व्यर्थ. बायको गरोदर आहे आणि नवरा मागतो की मुलगाच होवो, तर तीही व्यर्थ. जे ठरून गेलं आहे तिथे शब्द खर्चण्यापेक्षा पाय उचलून घराकडे धावावं आणि पुढे जे करायचं त्यासाठी ताकद मागावी.

तालमूद दुसरी मर्यादाही सांगतं. धोक्याच्या जागी उभं राहून आपल्यासाठी चमत्कार होईल, अशी वाट पाहू नये. चमत्कार होतच नाहीत असं ते म्हणत नाही, चमत्कार गृहीत धरू नका एवढंच म्हणतं.

दुष्काळ, आजारपण आणि शेजारी

पाऊस पडला नाही की जुन्या काळी यहुदी समाज सामुदायिक रोजे ठेवत असे. लोक शहरातल्या चौकात जमत आणि त्यांच्यातले बुजुर्ग उभे राहून नसीहत करत. यूनुस (अ.स.) यांच्या कौमची आठवण करून देत ते सांगत की निनवेच्या लोकांचे तरटाचे कपडे आणि त्यांचे रोजे खुदाने पाहिले असं ग्रंथात म्हटलेलं नाही. त्यांनी वाईट मार्ग सोडला, ती त्यांची कृती पाहिली असं म्हटलं आहे. म्हणजे दुआ आणि रोजा माणसाला बदलण्यासाठी आहे. रोजा ठेवला आणि बाजारात माप कमीच राहिलं, तर मग काय मिळवलं?

आजारी माणसाला भेटायला जाण्याची एक छोटी हकीकत फार बोलकी आहे. थोर विद्वान रब्बी अकिवा यांचा एक शागिर्द आजारी पडला. कुणीच त्याची विचारपूस करायला गेलं नाही. अकिवा स्वतः गेले आणि त्यांच्यामुळे त्याच्या खोलीची झाडलोट झाली, जमिनीवर पाणी शिंपडलं गेलं. तो शागिर्द बरा झाला आणि म्हणाला की तुम्ही मला जिवंत केलंत. त्यावर अकिवा यांनी बाहेर येऊन शिकवलं की जो आजाऱ्याला भेटत नाही तो जणू त्याचं रक्त सांडतो. तालमूद पुढे म्हणतं, जो भेटायला जात नाही तो त्याच्यासाठी दुआही मागत नाही. झाडू आणि दुआ एकाच भेटीत आले, असं हे शिकवणं आहे.

हात टेकतात तेव्हा

मग दुआ फक्त कामाची सोबतीण आहे का? नाही. यहुदी माणसावर दिवसातून तीन वेळा नमाजसारखी उभ्याने करायची प्रार्थना आहे. जेरुसलेमकडे तोंड करून ती करतात. कामाच्या दिवशी तिच्यात एकोणीस भाग असतात. त्यांत अक्कल, माफी, आजारातून शिफा आणि वर्षाची बरकत असं सगळं मागितलं जातं. संकट असो वा नसो, हे मागणं रोजचंच. शब्बाथच्या दिवशी मात्र काम थांबतं आणि रोजच्या गरजांची ही मागणीही थांबते. आठवड्यातला एक दिवस खटपट नाही आणि मागणंही नाही, फक्त शुक्र.

आणि काही दुःखं अशी असतात की तिथे ना औषध चालतं ना पैसा. मायमोनिदेस यांचा धाकटा भाऊ दाऊद व्यापारासाठी हिंदुस्थानकडे निघाला आणि हिंदी महासागरात बुडाला. त्याच्याबरोबर घरची आणि इतरांचीही रक्कम गेली. मागे बायको आणि लहान मुलगी राहिली. ही बातमी ऐकून मायमोनिदेस जवळजवळ वर्षभर अंथरुणाला खिळले होते. कित्येक वर्षांनीही भावाचं अक्षर दिसलं की मन पिळवटतं, असं त्यांनी एका पत्रात लिहिलं आहे. इतका मोठा आलिमही मोडून पडला होता. पण उठल्यावर त्यांनी हिकमतीचा पेशा धरला, घर सावरलं आणि रोज बादशहाच्या दरबारातून थकून आल्यावर दारात बसलेल्या रुग्णांना तपासू लागले. त्यांत मुसलमानही असत आणि यहुदीही. भाऊ परत मिळावा ही मागणी आता व्यर्थ होती. उरलेल्यांचं ओझं उचलता यावं ही मागणी नव्हती.

आपल्या कोकणातले शेजारी

हे सगळं दूरच्या देशातलं वाटत असेल तर अलिबागकडे पाहा. मराठी बोलणारे बेने इस्रायल पिढ्यान्‌पिढ्या कोकणातल्या मुसलमानांचे शेजारी होते. त्यांच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचं जहाज नवगावजवळ फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रियाच वाचल्या. ग्रंथ गेले, हिब्रूही पुष्कळशी विसरली. या लोकांनी तेलाच्या घाण्यावर पोट भरलं, पण शनिवारी घाणा बंद ठेवला. म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. सहा दिवस मेहनत आणि सातवा दिवस खुदाचा, एवढ्या धाग्यावर त्यांनी आपली ओळख टिकवली.

अडचणीत ते एलियाहू हन्नाबींच्या, म्हणजे आपल्या हजरत इलियास (अ.स.) यांच्या नावाने नवस बोलतात. काम झालं की पोहे, गूळ, खोबरं आणि फळांचा मलिदा करून शुक्राना करतात. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये सॅम्युअल दिवेकर यांनी बांधलं. टिपू सुलतानच्या फौजेने त्यांना कैद केलं होतं. ते बेने इस्रायल आहेत हे कळल्यावर सुलतानच्या आईला कुरआनातली बनी इस्राईल आठवली आणि तिच्या शब्दावर त्यांची सुटका झाली, असं त्या समाजात सांगितलं जातं. याच समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड यांनी मुंबईच्या कामा हॉस्पिटलची धुरा सांभाळली. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आपण काय घ्यावं?

आपला दीन वेगळा आहे आणि अकीद्यातले फरक महत्त्वाचेच आहेत. पण या बाबतीत उत्तर फार जवळचं आहे. उंट मोकळा सोडून तवक्कुल करू की बांधून करू, असं विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी बांधायला आणि मग भरवसा ठेवायला सांगितलं, ही हदीस आपल्याला पाठ आहे. प्रसूतीच्या वेदनेत असलेल्या हजरत मरियम यांनाही खजुराचं खोड हलवायला सांगितलं गेलं होतं.

म्हणून घरात संकट आलं की दोन आवाजांपैकी एकाला गप्प करायची गरज नाही. वेळेचं भान मात्र हवं. छातीत दुखत असेल तर दुआ गाडीत बसून होते. शस्त्रक्रिया चालू असेल आणि आपल्या हातात काहीच नसेल, तर ती वेळ सजद्याची. नोकरी गेली असेल तर फजरनंतर हात वर करायचे आणि नऊ वाजता अर्ज घेऊन बाहेर पडायचं. कर्ज असेल तर बरकत मागताना वहीत खर्चही लिहायचा. शेजारी आजारी असेल तर ‘दुआ करतो’ असा मेसेज पाठवून थांबू नये. डबा घेऊन जावं, त्याचं औषध आणून द्यावं आणि उठताना त्याच्या उशाशी दुआ करावी.